डेअरीच्या पावतीवरचा आकडा पुढे कुठे जातो?

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं आणि ऑक्टोबरपासून ते ७ रुपये केलं. ऐकायला सरळ होतं: जो डेअरीला दूध घालतो, त्याच्या खात्यात पैसे. पण गावोगावी एकच प्रश्न ऐकू येऊ लागला, "दूध तर रोज घालतोय, मग आमचंच अनुदान का अडलं?" त्याचं उत्तर गोठ्यात नव्हतं, नोंदींत होतं. कुणाच्या गाईच्या कानात बिल्लाच नव्हता, कुणाच्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर चुकून चढला होता, कुणाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नव्हतं, तर कुठे डेअरीकडून माहितीच वेळेत गेली नव्हती.

दूध खरं, गाय खरी, शेतकरीही खरा, आणि तरी पैसे मिळत नाहीत, कारण या तिघांना जोडणारी नोंद कुठेतरी तुटलेली आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात 'माहितीप्रणाली' नावाचा एक विषय असतो. माहितीप्रणाली धंद्याचं रोजचं काम कसं चालवते, निर्णयाला कशी उपयोगी पडते आणि स्पर्धेत कशी टिकवते, हे त्यात शिकवतात. पुस्तकातल्या आकृत्या पाहून हा विषय डोक्यावरून जातो. दुधाच्या धंद्यात मात्र तो सकाळ-संध्याकाळ डोळ्यांसमोर घडतो.

माहितीप्रणाली म्हणजे संगणक नव्हे

आधी व्याख्या. काय नोंदवायचं, कुणी नोंदवायचं, ती नोंद कुणाला दिसणार आणि तिच्यावरून कुणी काय ठरवणार, या सगळ्याची बसवलेली घडी म्हणजे माहितीप्रणाली. यात संगणक असेल किंवा नसेलही.

१९४६ सालचं गुजरातमधलं खेडा बघा. मुंबईला लागणारं दूध खेडा जिल्ह्यातून गोळा करण्याचा मक्ता पोल्सन या कंपनीकडे होता. तिचे दलाल गावात येऊन दूध घ्यायचे आणि दरही तेच सांगायचे. किती दूध, कोणत्या प्रतीचं, मुंबईत ते काय भावाने गेलं, यातलं शेतकऱ्याला काही कळायला मार्ग नव्हता. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने तिथे सहकारी संघ उभा राहिला. तोच पुढे अमूल झाला. या कहाणीतला संघर्ष सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातल्या वहीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक गावाची स्वतःची संस्था, दोन्ही वेळचं दूध सगळ्यांदेखत मोजलेलं, त्याची फॅट तपासलेली आणि दर त्या फॅटवर ठरलेला. हे सगळं कागदावर चालायचं, संगणकाचा पत्ताही नव्हता. तरीही ती पक्की माहितीप्रणाली होती, आणि दलालाचं सगळं बळ ज्या अंधारात होतं तो अंधारच तिने घालवला.

म्हणून कुणी "आम्ही सगळं ऑनलाइन केलं" असं म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो: आधी जे कुणाला दिसत नव्हतं, ते आता कुणाला दिसतं?

एक पावती वाचून बघू

सकाळी साडेसहाची वेळ. संकलन केंद्रावर बरण्या आणि किटल्यांची रांग आहे. शेतकरी आपला कोड नंबर सांगतो, दूध काट्यावरच्या भांड्यात ओततो. केंद्रचालक ते ढवळून छोट्या वाटीत नमुना घेतो आणि यंत्राच्या नळीखाली धरतो. मिनिटभरात आकडे उमटतात आणि पावती बाहेर येते: तारीख, सत्र, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम.

यातले दोन शब्द एकदाच समजून घेऊ. फॅट म्हणजे दुधातली स्निग्धता, ज्यातून लोणी-तूप निघतं. पाणी आणि फॅट वगळून दुधात जे घन उरतं, म्हणजे प्रथिनं, साखर, क्षार, त्याला एसएनएफ म्हणतात; दुधाची भुकटी प्रामुख्याने त्याचीच. आपल्याकडे गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. त्यापुढचा-मागचा प्रत्येक ०.१ म्हणजे एक पॉइंट, आणि पॉइंटमागे दर वाढतो किंवा कापला जातो.

आता समजा, मूळ दर ३० रुपये आहे आणि एसएनएफच्या दर पॉइंटला ५० पैसे कपात आहे. एखाद्याचं २० लिटर दूध ८.२ एसएनएफचं लागलं. तीन पॉइंट कमी, म्हणजे लिटरला दीड रुपया, एका सत्राला ३० रुपये. आपल्याकडे दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं. दोन वेळचे मिळून त्या बिलात ६०० रुपये कमी आले. इतकासा दशांश, पण पेंडेच्या पोत्याच्या खर्चाला त्याचा हातभार लागला असता.

काट्याचीही एक गोष्ट आहे. पुष्कळ ठिकाणी दूध किलोत तोललं जातं आणि लिटरमध्ये बदललं जातं. एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे २० लिटरला काट्यावर २०.६ किलो दिसायला हवेत. काटा १०० मिलीच्या खालचं दाखवत नसेल आणि उरलेलं सोडून देत असेल, तर प्रत्येक वेळी थोडं दूध फुकट जातं. एका माणसाला ते जाणवतही नाही, पण केंद्रभर मिळून वर्षाला त्याचे टँकर होतात.

पूर्वी हेच काम गर्बर पद्धतीने चालायचं. काचेच्या नळीत दूध, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या आणि वर तरंगलेल्या फॅटचा थर मोजायचा. पद्धत उत्तम, आजही खात्रीसाठी तीच वापरतात. पण वेळ लागायचा, आकडे हाताने रजिस्टरात चढायचे आणि बिलाच्या आदल्या रात्री सचिव गुणाकार करत बसायचा. आजच्या यंत्रातून बहुधा ध्वनिलहरी सोडतात आणि दुधातून जाताना त्यांच्या वेगात पडणाऱ्या फरकावरून घटक काढतात. मोजणं, दर लावणं, खात्यावर चढवणं, पावती देणं ही वेगवेगळी कामं एकाच झटक्यात होतात. माहितीप्रणाली रोजचं काम चालवते, ते असं.

शीतकेंद्रावर ताळा लागतो

पावती शेतकऱ्याच्या खिशात जाते, तिच्यातला आकडा मात्र पुढे निघतो. गावातलं दूध टँकरमधून शीतकेंद्रावर येतं, तिथे पुन्हा मोजलं जातं आणि पुन्हा तपासलं जातं. केंद्राच्या पावत्यांची बेरीज २००० लिटर आणि टँकरमध्ये १९७०, तर ३० लिटर गेले कुठे? लिटर जुळले पण सरासरी फॅट घसरली, तर वाटेत दूध काढून पाणी घातलं का? हा ताळा रोज लागला तर चूक त्याच दिवशी पकडता येते. महिन्याने लागला तर नुसती भांडणं होतात.

डेअरीच्या हिशेबातली खरी मेख पुढे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, डेअरी दुधाचा व्यापार करते. प्रत्यक्षात ती फॅट आणि एसएनएफ यांचे दोन वेगळे साठे सांभाळत असते. म्हशीचं दूध ६ फॅटचं येतं; पिशवीतलं टोन्ड दूध ३ फॅट आणि ८.५ एसएनएफचं विकायचं असतं. मधली फॅट लोण्यात जाते, तुपात जाते, श्रीखंड-आइस्क्रीमसाठी ठेवली जाते. सकाळी किती किलो फॅट आत आली आणि संध्याकाळी कोणकोणत्या मालातून किती बाहेर गेली, हे जुळलं नाही तर डेअरी लिटरमध्ये नफ्यात आणि किलोमध्ये तोट्यात असू शकते. हजारो पावत्यांवरच्या दशांशांची नीट बेरीज केल्याशिवाय हे कळायला दुसरी वाट नाही.

आकडे निर्णय घेत नाहीत

रक्ताच्या रिपोर्टवर साखर किती ते लिहिलेलं असतं; गोळी कोणती द्यायची ते डॉक्टरच ठरवतो. माहितीप्रणालीचंही तसंच आहे. ती मोजून देते, तुलना करून देते, कधी अंदाजही देते. जबाबदारी माणसाचीच राहते.

डेअरीत काही निर्णय रोजचे असतात. उद्या किती पिशव्या भरायच्या? वितरकांच्या मागण्या दुपारपर्यंत येतात, पण कोजागरीला त्यांच्यावर विसंबून चालत नाही, कारण त्या एका रात्री मुंबई-पुण्यात दुधाची मागणी उसळते. गुढीपाडव्याला श्रीखंड लागणार म्हणजे चक्का आधी बांधून ठेवावा लागतो. मागच्या वर्षांची विक्री दिवसागणिक नोंदलेली असली की अंदाज जवळपास बसतो. नसली तर दूध उरतं किंवा गिऱ्हाईक दुसऱ्या पिशवीकडे वळतं.

काही निर्णय हंगामाचे. पावसाळा सरल्यावर आणि हिवाळ्यात दूध वाढतं, तो पुष्टकाळ. उन्हाळ्यात आटतं, तो कृशकाळ. पुष्टकाळात जास्तीचं दूध भुकटी आणि लोणी करून ठेवायचं आणि उन्हाळ्यात त्यातूनच तूट भरून काढायची. शंभर लिटर गाईच्या दुधातून साडेआठ-नऊ किलो भुकटी निघते. पण भुकटीचे भाव पडलेले असतील तर तीच भुकटी गोदामात भांडवल अडकवून बसते. असं झालं की डेअऱ्यांचा हात आखडतो आणि त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या दराला बसते. २०२३ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान दर ठरवला होता. काही महिन्यांतच गावातला प्रत्यक्ष दर त्याच्या कितीतरी खाली गेला. डेअऱ्यांनी बोट दाखवलं ते भुकटी-लोण्याच्या पडलेल्या बाजाराकडे. ते खरं की नफा वाचवण्याचं निमित्त, हे तपासायला शेतकऱ्याच्या हातात कोणते आकडे होते? गोदामात किती साठा आहे, तो काय भावाने विकला जातोय, हे डेअरीला माहीत होतं, शेतकऱ्याला नाही. माझ्या मते सगळी असमानता याच ठिकाणी आहे.

"पण यंत्रच खोटं बोलत असेल तर?"

ही शंका रास्त आहे, आणि "मशीन आहे, चुकणार कसं" हे तिचं उत्तर नव्हे.

यंत्र आपोआप खरं बोलत नाही, ते जुळवून घ्यावं लागतं. गाईच्या आणि म्हशीच्या दुधासाठी त्याची जुळणी वेगळी असते. नळी रोज धुतली नाही, नमुन्यात हवेचे बुडबुडे राहिले, दूध फार गार किंवा फार गरम असलं, की आकडा हलतो. याच्या उलटही होतं: दुधात युरियासारखा पदार्थ मिसळला तर एसएनएफ वाढलेला दिसू शकतो आणि साधं यंत्र फसतं. म्हणजे चुकीचा आकडा प्रामाणिक उत्पादकाला मारू शकतो आणि भेसळ करणाऱ्याला तारू शकतो.

त्यातही एकाच यंत्रावर दिवसभराचं सगळं दूध तपासलं जातं. वरच्या हिशेबातली तीन पॉइंटांची चूक २००० लिटरच्या केंद्रावर एका सत्रात ३००० रुपयांची होते. वहीतला एक चुकलेला गुणाकार एकाच माणसाचं नुकसान करायचा. जुळणी बिघडलेलं यंत्र सगळ्या रांगेचं करतं, आणि तेही नेटक्या छापील पावतीवर.

वैधमापन विभाग काटे तपासून शिक्का मारतो, हे आपल्याला माहीत आहे. फॅट-एसएनएफच्या यंत्रांचीही तशीच नियमित आणि त्रयस्थ तपासणी व्हावी, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. ती पूर्णपणे योग्य आहे, कारण पैसा जितका काट्यावर ठरतो तितकाच त्या यंत्रावर ठरतो.

स्पर्धेत याचा काय उपयोग?

आपल्या राज्यात संघटित क्षेत्रातलं बहुतांश दूध खाजगी डेअऱ्यांकडे जातं. एकाच गावात तीन-चार केंद्रं असतात आणि पन्नास पैशांसाठी शेतकरी इकडचा तिकडे जाऊ शकतो. मग त्याला टिकवायचं कसं? नुसता दर वाढवून ही स्पर्धा फार दिवस खेळता येत नाही.

इथे नोंदीच कामी येतात. ज्या डेअरीकडे एखाद्याच्या दोन वर्षांच्या दुधाचा हिशेब आहे, तिला हा माणूस दर बिलाला किती कमावतो हे ठाऊक असतं. ती त्याला पशुखाद्य उधार देते आणि बिलातून कापून घेते. गाय घ्यायला कर्ज हवं असेल तर बँक दुधाचं बिल बघते. डॉक्टर, औषधं, विमा सगळं त्याच कोडवर चढतं. शेतकऱ्याची सोय होते, हे नाकारता येत नाही. पण हळूहळू तो बांधलाही जातो. दुसरीकडे गेला तर त्याची पत पुन्हा शून्यापासून सुरू होते, कारण इतिहास जुन्या डेअरीच्या संगणकात राहिला.

हे फक्त दुधातच घडतं असं नाही. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या मदतीने १९६०च्या दशकात सेबर ही तिकीट आरक्षणाची प्रणाली उभी केली आणि १९७६ पासून ती ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर नेली. एजंटाला एका पडद्यावर अनेक कंपन्यांची विमानं दिसू लागली. त्याचं काम कितीतरी सोपं झालं. पण यादीत अमेरिकन एअरलाइन्सची विमानं वर दिसायची, आणि एजंट साहजिकच वरचंच तिकीट काढायचा. शेवटी १९८४ साली तिथल्या नियामकांनी असा पक्षपात करायला बंदी करणारे नियम आणले. विमानं सगळ्यांची, पण पडदा एकाच कंपनीचा. पडदा ज्याचा, त्याचा फायदा, हे त्या धंद्याने लवकर ओळखलं.

गावातही हाच प्रश्न आहे, फक्त पडदा छोटा आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सहकारी संस्थांसाठी समाईक संकलन सॉफ्टवेअर तयार केलंय. त्यात नोंद संस्थेपासून संघापर्यंत एकाच साच्यात जाते आणि उत्पादकाला मोबाइलवर आपलं दूध, फॅट, रक्कम बघता येते. प्रत्येक केंद्राचं सॉफ्टवेअर वेगळं, दरपत्रक वेगळं आणि जुन्या पावत्या फिकट होऊन गेलेल्या, अशा स्थितीपेक्षा हे कितीतरी बरं.

मग अनुदान अडलं कुठे?

आता सुरुवातीचा प्रश्न सोडवता येईल. कर्नाटकातही सरकार दूध उत्पादकांना लिटरमागे प्रोत्साहनाचे पैसे देत आलंय. तिथे संघटित क्षेत्रात सहकारी महासंघाचं जाळं फार मोठं आहे. कुणी किती दूध घातलं ही नोंद त्याच साखळीत आधीपासून असते, पैसे तिच्यावरून निघतात. महाराष्ट्रात सहकारी संघ आणि असंख्य खाजगी डेअऱ्या. प्रत्येकाची नोंदीची तऱ्हा वेगळी. लाभार्थी ठरवायला तीन वेगवेगळ्या याद्या जुळवाव्या लागल्या: डेअरीकडची दुधाची, पशुसंवर्धन विभागाकडची बिल्ल्यांची आणि बँकेची आधार-जोडणीची. पण एका यादीत वडिलांच्या नावे गाय, दुसरीत मुलाच्या नावे डेअरीचा कोड, तिसरीत आईचं खातं. घर एकच, पण संगणकाला ती तीन माणसं दिसतात.

बोगस लाभार्थी टाळायला जोडणी हवीच. माझा आक्षेप वेळेला आहे. जोडणीचं काम वर्षभर शांतपणे व्हायला हवं होतं. ते अनुदानाच्या घोषणेनंतर घाईघाईत झालं आणि तुटलेल्या दुव्याचा भुर्दंड शेतकऱ्याने भरला.

"माझ्याकडे चारच गाई, मला याचं काय?"

चार गाईंच्या गोठ्याचीही माहितीप्रणाली असते, फक्त ती बहुधा मालकिणीच्या डोक्यात असते. कोणती गाय कधी फळवली, कुणाचं दूध तुटत चाललंय, हे तिला तोंडपाठ असतं. पावतीवर मात्र चारही गाईंचं दूध एकत्र येतं, त्यामुळे कोणत्या गाईने फॅट ओढली ते कळत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकीचं दूध वेगळं तपासून घेतलं आणि वहीत लिहिलं, की गोठ्यातली खरी कमावती कोण ते दिसतं.

आकडे वाचायचे कसे, तेही सांगतो. फॅट घसरली तर आधी कोरड्या वैरणीकडे बघा. नुसता कोवळा हिरवा चारा आणि भरपूर खुराक झाला की फॅट उतरते. एसएनएफ कमी लागत असेल तर खुराक अपुरा आहे का ते बघा, आणि एखाद्या गाईचा अचानक उतरला तर कासदाहाची, म्हणजे कासेला सूज येण्याच्या रोगाची, शंका घेऊन डॉक्टरांना दाखवा. धार पूर्ण काढली जाते ना? शेवटच्या धारेत फॅट सर्वांत जास्त असते. सकाळ-संध्याकाळच्या फॅटमधला थोडा फरक स्वाभाविक आहे, कारण दोन धारांमधलं अंतर जास्त असलं की दूध जास्त आणि फॅट कमी येते. पण गोठ्यात काहीच बदललेलं नसताना रांगेतल्या सगळ्यांचे आकडे एकाच दिवशी खाली आले, तर दोष यंत्राच्या जुळणीचा असण्याचा संभव मोठा.

अशा वेळी एकट्याने वाद घालण्यापेक्षा दहा जणांच्या त्या आठवड्याच्या पावत्या एकत्र करा, तोच नमुना गर्बर पद्धतीने तपासून मागा आणि भिंतीवर लावलेल्या दरपत्रकाचा फोटो काढून ठेवा. दरपत्रक भिंतीवर नसेल, तर मागणीची सुरुवात तिथूनच करा.